गाणं नको, जागा पाठवा

एका शनिवारी रात्री मी आमच्या शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळीने अकरा गाणी पाठवली होती. सगळी माझ्या जिवाची. सकाळी पाहिलं तर सोळा अंगठे, सात जोडलेले हात, आणि गाण्याबद्दल एक शब्द नाही. सोमवारी चर्चगेटच्या गाडीत ग्रुपमधल्या पार्ल्याच्या काकू भेटल्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, कुठून सुरुवात करू तेच कळेना, मग राहूनच गेलं." त्या दिवसापासून मी पाठवायची पद्धत बदलली. आज आम्ही ३८ जण आहोत, बोरिवलीपासून डोंबिवलीपर्यंत पसरलेले, आणि पाठवलेलं ऐकलं जातं. असा ग्रुप करू पाहणाऱ्यांसाठी आम्हाला काय जमलं ते लिहिते.

गिरगावच्या चाळीत आमच्याकडे शनिवारी रात्री आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा. वडील रेडिओला कान लावून बसत. मध्येच त्यांचं एक बोट वर जायचं. तेवढंच. आम्ही पोरं भाकरीचा घास हातात धरून थांबायचो, कारण बोट वर गेलं म्हणजे आता काहीतरी येणार. आणि ते यायचंच: एखादी मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), समेआधीचा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेआधीचा, एक श्वास, तबलजीने सोडलेली मोकळी मात्रा. रागाचं नाव मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, पण त्या जागा, म्हणजे गाण्यातले ते खास क्षण, तेव्हाच कानात बसल्या.

लांब बसलेल्या माणसाला गाणं पाठवताना आपल्या मेसेजने त्या बोटाचं काम करायचं. म्हणून आमच्याकडे एका दिवशी एका माणसाचं एकच गाणं, आणि त्यातली एकच जागा. वडिलांच्या कॅसेटवरचा एक यमन राग मी पाठवला तेव्हा असं लिहिलं होतं: "२२ मिनिटं १० सेकंदांपासून दोनच मिनिटं ऐका. गायिका तीव्र मध्यमावरून (म) पंचमावर (प) येते, पंचमाला नुसता स्पर्श करून सोडते, आणि षड्ज (सा) हवाहवासा झाला असताना निषादावरच (नी) बसून राहते." त्या दोन मिनिटांवर एकोणीस जण बोलले, आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढे सगळी पन्नास मिनिटं ऐकली. पूर्ण ऐका म्हणून मी सांगितलं नव्हतं.

यूट्यूबवर संगणकावरून शेअर करताना सुरुवातीची वेळ टाकायची सोय आहे. तरी वेळ मेसेजमध्ये आकड्यांत लिहाच. कुणी तेच गाणं दुसऱ्या ॲपवर शोधतं, तिथे तुमची लिंक चालत नाही. मात्र तिथे ध्वनिमुद्रण तेच आहे ना, हे एकूण लांबीवरून ताडून घ्यायचं, नाहीतर तुम्ही सांगितलेली जागा सापडणार नाही.

जागेखाली माहितीची एक ओळ: कोण गातंय, राग, ताल, बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची ओळ), साल, आणि साथीला कोण. जे माहीत नसेल तिथे "माहीत नाही" लिहायचं, अंदाज ठोकायचा नाही. साथीदारांबद्दल मी जरा हट्टी आहे. जुन्या तबकड्यांवर तबला-पेटीवाल्यांची नावं बहुतेक वेळा छापलेलीच नसत, आणि आज आपण सारंगीच्या एखाद्या ओळीसाठी जीव टाकतो तेव्हा ती कुणाची हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा त्या गाणं संपताच "माय नेम इज गौहर जान" असं मोठ्याने सांगत. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळायला हवं होतं. आपल्याला तर नुसतं टाइप करायचंय.

आता चर्चेबद्दल. इथे माझ्या हातून एक चूक झाली आहे, ती सांगते. ग्रुपमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने देसकार राग पाठवला आणि वर दुसऱ्याच रागाचं नाव लिहिलं, "भूप". पाच मिनिटांत तीन जणांनी तिला सुधारलं. तिसरी मी. शेवटी मी "हे इतकं तरी माहीत हवं" असंही लिहिलं. ती रात्रीच ग्रुप सोडून गेली. दुसऱ्या दिवशी फोन करून मी तिची माफी मागितली. ती महिनाभराने परत आली.

खरं तर दोन्ही रागांचे स्वर तेच पाच: सा रे ग प ध. कान तयार नसताना गोंधळ होणारच. भूपात गंधार (ग) मुख्य, देसकारात धैवत (ध). भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा. पण हे असं ओळीने सांगून कुणाला ऐकू येत नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे की नाव चुकलं तर ग्रुपवर सुधारायचं नाही. त्या माणसाला वेगळा मेसेज करायचा, आणि उत्तर द्यायच्या ऐवजी एक काम द्यायचं: "पहिल्या चार मिनिटांत गवई कोणत्या स्वरावर जास्त वेळ थांबतो ते बघशील?" ती मुलगी आज आमच्याकडे देसकार सगळ्यांत आधी ओळखते.

दुसरं भांडण पट्टीवरून, म्हणजे गाण्याचा सा पेटीच्या कोणत्या सुरावर आहे यावरून झालं. एका जुन्या तबकडीबद्दल माटुंग्याचे काका म्हणत काळी एक, दादरचे एक सतारिये म्हणत पांढरी दोन. दोघेही पेटी घेऊन बसले होते आणि दोघेही बरोबर होते, कारण ते इंटरनेटवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेगाने वाजवून चढवलेली तीच तबकडी ऐकत होते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणून ज्या तबकड्या आपण ओळखतो, त्या सुरुवातीच्या काळात नेमक्या त्याच वेगाने कोरलेल्या नसत. ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि लयही वाढते. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणावर बोलताना आधी एकच लिंक ठरवायची, सगळ्यांनी तीच ऐकायची, मग काय ते बोलायचं. आवाज अनैसर्गिक पातळ वाटला, ताना पळाल्यासारख्या वाटल्या, तर गायकाला नावं ठेवण्याआधी वेगाचा संशय घ्या.

"कोण मोठं" हा विषय आमच्याकडे बंद आहे. "मला इथे मन लागलं नाही" हे मात्र जरूर म्हणावं, फक्त कुठे ते मिनिटासकट सांगावं. नुसतं "अप्रतिम" लिहिणाऱ्यालाही मी तेच विचारते: कुठे?

कधी पाठवायचं याला मुंबईत फार महत्त्व आहे. सकाळी आठच्या विरार गाडीत विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं लांब गाणं, पाठवू नये. चाकांच्या खडखडाटात तानपुरा आणि खर्जातले स्वर बुडून जातात, वर रेंज येते-जाते. तेव्हा नाट्यपद, भावगीत, तीन मिनिटांची तबकडी, तीही घरूनच डाऊनलोड करून घ्यावी. मोठी गाणी रात्री जेवणं आटोपल्यावर.

स्वतःकडची कॅसेट पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट वापरू नका. ती बोलण्यासाठी बनवलेली आहे, तिच्यात गाण्याचा आवाज चेपला जातो. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे जशीच्या तशी पोचते. व्हिडिओ कॉलवर एकत्र ऐकताना पार्श्वभूमीचा आवाज काढून टाकणारी सोय बंद करा. तानपुऱ्याचा सततचा नाद त्या यंत्रणेला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो पुसून टाकते. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड' आहे.

आणि परवानगी. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचे हक्क त्याहून वेगळे असतात. म्हणून विकत मिळणारं गाणं असेल तर आम्ही लिंकच देतो, फाइल नाही. घरगुती मैफलीच्या टेपांबाबत मी त्याहून कडक आहे. गवयाला सादरीकरणाचा स्वतःचा हक्क असतो, तो ५० वर्षांचा. पण हक्काचं राहू द्या, घरात चार माणसांपुढे मोकळेपणाने गायलेलं जगापुढे ठेवायचं की नाही, हे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारायलाच हवं. एकदा आम्ही विचारलं आणि नाही असं उत्तर आलं. ती टेप अजून माझ्या कपाटात आहे, ती मी एकटीच ऐकते.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही एकत्र ऐकतो. सुरुवात करायची असेल तर आम्ही केली तसं गायिका केसरबाई केरकरांच्या भैरवीपासून करा, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली ती. साडेतीन मिनिटांची आहे, सहज सापडते, आणि ती संपल्यावर कुणालाच गप्प बसवत नाही. मी सेटिंग बदलून फक्त ॲडमिनना लिहिता येईल असं करते, "सुरू" लिहिते, आणि ३८ घरांत एकाच वेळी गाणं लागतं. मध्ये कुणी वाहवा करायची नाही. जिथे दाद द्यावीशी वाटली ती वेळ कागदावर लिहायची. गाणं संपलं की ग्रुप उघडायचा आणि सगळ्यांनी आपापले आकडे टाकायचे. त्या पहिल्या रविवारी पाच जणांचा आकडा सेकंदासकट एकच आला, आणि त्यातले दोघे एकमेकांना कधी भेटलेलेही नव्हते.

ठाकुरद्वारच्या एका आजींना टाइप करता येत नाही. त्या रविवारी साडेसातला मला फोन करतात. मिनिट-सेकंद त्या सांगत नाहीत, गाऊन दाखवतात, कापऱ्या आवाजात, पण सुरात. मी फोन कानाला धरून गाणं पुन्हा लावते, ती जागा शोधते आणि त्यांच्या नावाने ग्रुपवर आकडा टाकते. गेल्या रविवारी शोधायला वीस मिनिटं लागली. त्या तोवर फोनवरच होत्या.