ट्रेलरवर जीप बांधताना पट्टा चाकांना लावा

थारसारखी उंच सस्पेन्शनची गाडी ट्रेलरवर न्यायची असेल तर लॅशिंग बेल्ट (बांधायचा पट्टा) शक्यतो चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला बांधू नका, चाकांना किंवा अ‍ॅक्सलला बांधा. चासीला बांधलं की प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग दबते, त्या क्षणी पट्टा सैल पडतो आणि हुक निसटू शकतो. चाक मात्र ट्रेलरच्या फळीवर टेकलेलंच राहतं. चार चाकांना चार स्वतंत्र पट्टे हवेतच; पुढचे पुढे आणि मागचे मागे ओढणारे. ब्रेकच्या होज पाइपवरून पट्टा जाऊ देऊ नका. पट्ट्याच्या लेबलवर तुटण्याचा भार मोठ्या आकड्यात असतो, पण हिशेब धरायचा तो कामाच्या भाराचा, साधारण एक तृतीयांश.

गाडी जराशी पुढे सरकवून उभी करा. ट्रेलर आणि त्यावरची गाडी मिळून जे वजन होईल त्याच्या 10 ते 15 टक्के हिचवर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडतो त्या जागी आलं पाहिजे. मागे वजन जास्त झालं तर वेग वाढताच ट्रेलर झोकांड्या खायला लागतो, आणि मग तो सावरणं फार अवघड. हँडब्रेक ओढा, गिअर टाका. निघाल्यावर 15-20 किलोमीटरवर थांबून रॅचेट (पट्टा ताणायचा खटका) पुन्हा आवळा, कारण नवे पट्टे हमखास ताणतात.