हेफेवाइझन कशी पारखावी

जर्मनीतल्या बव्हेरियाच्या या बिअरमध्ये किमान निम्मं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गव्हाचं असतं. गढूळपणा हा दोष नव्हे. ती ७ ते १० अंश सेल्सिअसला घ्या, बर्फगार बिअरचा वास दबतो. ग्लासच्या आतून बुडबुडे चिकटले तर ग्लास नीट धुतलेला नाही. बाटलीतली पाऊण बिअर ओता, उरलेली घोळवून तळाच्या यीस्टसकट, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांसकट, ओता.

फेस असतानाच वास घ्या. पिकलेलं केळं आणि लवंग हवीच. दोन्ही यीस्टचीच करामत. लोण्यासारखा वास आला तर बहुधा यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही, उकडलेल्या मक्याचा आला तर बिअर बनवताना उकळणं कमी पडलं असावं. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली बिअर; ती सरळ परत करा. कडवटपणा हलकाच असावा.