लहान केसमधलं ओव्हरक्लॉकिंग: आधी वॅट ठरवा, मेगाहर्ट्झ नंतर

माझा पीसी टेबलावरच असतो, मायक्रोफोनपासून हातभर अंतरावर. मी आवाजाचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते. त्यामुळे प्रोसेसर जोरात पळायला हवा आणि पंखा ऐकू येता कामा नये, या दोन्ही गोष्टी मला एकदमच हव्या असतात. केस साधारण दहा लिटरची. आत १७ बाय १७ सेंटिमीटरचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, एएमडीचा रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर, त्यावर ४७ मिलिमीटर उंचीचा कूलर, आणि बोर्डाला पाठ लावून उभं ग्राफिक्स कार्ड. खाली सांगते ते याच जोडणीवर बसवलेलं आहे. इंटेलवाल्यांना आणि एक्स३डीवाल्यांना (एएमडीचे जादा कॅश मेमरीचे प्रोसेसर) काय वेगळं करावं लागतं, तेही शेवटाकडे सांगते.

मोठ्या टॉवर केसमध्ये ओव्हरक्लॉकिंग करताना, म्हणजे प्रोसेसरचा वेग (क्लॉक) मूळ मर्यादेपुढे नेताना, लोक आकडा ठरवून सुरुवात करतात: अमुक गिगाहर्ट्झ हवेत, मग त्याला लागेल तेवढं व्होल्टेज द्यायचं. लहान केसमध्ये ही रीत उलटी करावी लागते, आणि त्यामागचं गणित साधं आहे. प्रोसेसर खातो ती वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक ५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही ५ टक्के वाढवावं लागलं, तर वीज सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. ती सगळी उष्णता होऊन त्या चिमुकल्या कूलरच्या माथी बसते. क्लॉक तोच ठेवून व्होल्टेज ५ टक्के खाली आणलं, तर जवळजवळ १० टक्के उष्णता वाचते.

रायझन ७००० मालिका मुळातच अशी बनवली आहे की तापमान, वीज, विद्युतप्रवाह किंवा कमाल क्लॉक यांपैकी एखादी मर्यादा लागेपर्यंत ती स्वतःच वर चढत राहते. ७७००एक्सची वीजमर्यादा, म्हणजे पीपीटी, १४२ वॅट आहे आणि तापमानाची मर्यादा ९५ अंश. मोठ्या कूलरवर १४२ वॅट आधी गाठले जातात, लहान केसमध्ये ९५ अंश. म्हणजे व्होल्टेज कमी करून जी जागा मोकळी होते, त्या जागेत प्रोसेसर आपणहून वर चढतो. इथे ओव्हरक्लॉकिंग म्हणजे मुख्यतः ही जागा करून देणं.

बायोसआधी हवा

बायोस, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंग्जचा मेनू, उघडण्याआधी हवेचं बघा. आधी केस बंद ठेवून प्रोसेसरवर पूर्ण लोड द्या आणि तापमान स्थिर झालं की टिपून ठेवा. मग फक्त कूलरसमोरचं पॅनल काढा आणि तोच लोड पुन्हा द्या. फरक दोन-तीन अंशांचा असेल तर केस ठीक श्वास घेते आहे. सात-आठ अंश किंवा त्याहून जास्त उतरले, तर पॅनल पंख्याचा गळा आवळतंय किंवा पंखा आतलीच गरम हवा पुन्हा ओढतोय. ही दुसरी शक्यता बरेच जण लक्षात घेत नाहीत. पंखा आणि जाळी यांच्यात एक-दीड सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर पंख्याला बाहेरची हवा ओढण्यापेक्षा बाजूची, नुकतीच तापलेली हवा ओढणं सोपं पडतं. पंख्याच्या चौकटीभोवती मऊ फोमची पट्टी लावून ती जाळीला टेकेल इतपत उंच केली की वाट एकच उरते. माझ्या केसमध्ये सगळ्यात मोठा फरक या पट्टीनं पाडला, कुठल्याही सेटिंगनं नव्हे.

पट्टी लावताना पाती जाळीच्या अगदी निकट येत नाहीत ना, हे बघा. पाती जाळीला चिकटून फिरली की एक घरघर सुरू होते, आणि ती गती कमी करूनही जात नाही. पॉवर सप्लायच्या केबली कूलरच्या पंख्यावरून जात असतील तर त्या बोर्डाच्या कडेनं वळवा. थर्मल पेस्टचा फार बाऊ करू नका. एएम५ प्रोसेसरच्या झाकणाला कडेनं खाचा असतात, म्हणून मी पातळ थर पसरून लावते, एवढंच.

तुलनेसाठी आधीचे आकडे

एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज, क्लॉक दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी चालवा. स्कोअर, सीपीयू पॅकेज पॉवर, कमाल तापमान, सगळ्या कोअर्सचा इफेक्टिव्ह क्लॉक (प्रत्यक्षात मिळालेला वेग) आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. खोलीचं तापमान नसेल तर पुढच्या महिन्यात या आकड्यांची तुलनाच करता येणार नाही. नंतर हीच चाचणी ग्राफिक्स कार्डावरही लोड ठेवून करा. पाठीला पाठ लावलेल्या रचनेत कार्डाची गरम हवा दुसऱ्या बाजूनं बाहेर जाते खरी, पण मधला पत्रा तापतो आणि वीसेक मिनिटांत प्रोसेसरच्या बाजूचं तापमानही वर सरकतं. खरा आकडा हा दुसरा. गेमिंग किंवा व्हिडिओ रेंडरिंग करणाऱ्यांनी सगळे निर्णय त्यावरूनच घ्यावेत.

बायोसमध्ये

आधी बायोस अद्ययावत करा. २०२३ मध्ये काही एएम५ प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीनं एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणारं व्होल्टेज) १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली. ही मर्यादा नव्या बायोसमध्येच आहे. एक्स्पो प्रोफाइल (रॅम तिच्या जाहीर वेगानं चालवणारं सेटिंग) चालू केलं की रॅमबरोबर एसओसी व्होल्टेजही वाढतं, म्हणून ते चालू केल्यावर एचडब्ल्यूइन्फोमध्ये हा आकडा डोळ्यांनी बघा. रॅम आधी एकटी स्थिर करून घ्या. रॅम आणि कोअर दोन्ही एकदम बदलले, तर मशीन बंद पडल्यावर दोष कुणाचा हे कळायला मार्ग राहत नाही. एक्स्पोनंतरच्या पहिल्या स्टार्टला पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमचं ट्रेनिंग करत असतो, म्हणजे तिच्याशी वेळ जुळवत असतो. घाबरून वीज तोडू नका.

सीमॉस क्लिअर करायच्या (बायोसची सेटिंग्ज पुसायच्या) दोन पिना कुठे आहेत, तेही आत्ताच शोधा. मिनी-आयटीएक्स बोर्डावर त्या हमखास कूलरच्या किंवा कार्डाच्या आडोशाला असतात, आणि ऐनवेळी त्या गाठायला अर्धी केस खोलावी लागते. मी त्या पिनांना एक छोटं बटण वायरनं जोडून केसच्या आत, पॅनल काढताच हाताला लागेल असं ठेवलं आहे. ते वापरायचं ते पॉवर केबल काढूनच.

आता ॲडव्हान्स्ड मेनूतून एएमडी ओव्हरक्लॉकिंगमध्ये जा. तिथे सूचना येते ती वाचा: पीबीओमुळे (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे या मर्यादा हातानं बदलायची सोय) झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. मग प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह ॲडव्हान्स्डवर आणि लिमिट्स मॅन्युअलवर ठेवा. सुरुवात ८८ वॅटपासून करा. एएमडीच्या ६५ वॅटच्या प्रोसेसरची पीपीटी तीच असते. त्याच्या जोडीला टीडीसी (सलग विद्युतप्रवाहाची मर्यादा) ७५ अँपिअर आणि ईडीसी (क्षणिक विद्युतप्रवाहाची मर्यादा) १५० अँपिअर. या मेनूत आकडे बहुधा मिलिवॅट आणि मिलिअँपिअरमध्ये मागतात, म्हणजे ८८००० लिहायचं. नुसतं ८८ लिहिलंत तर भलताच प्रकार होईल. त्याच पानावर थर्मल लिमिट ८५ अंशांवर आणा.

मग पंख्याची गती. तुम्हाला सहन होईल तेवढ्या आवाजावर पंखा स्थिर करा आणि प्रोसेसर व कार्ड दोन्हींवर अर्धा तास लोड ठेवा. तापमान ऐंशीच्या आत राहिलं तर पीपीटी दहा वॅटनं वाढवा आणि पुन्हा बघा. टीडीसीही त्या प्रमाणात थोडी वाढवावी लागेल, नाहीतर तीच आधी अडवते. ८५ला टेकू लागलं की एक पायरी खाली या. तुमच्या केसची खरी ताकद तेवढी आहे. मी १०० वॅटच्या आसपास थांबले.

कर्व्ह ऑप्टिमायझर

वॅट ठरले की त्याच वॅटमध्ये जास्त काम करून घ्यायचं. कर्व्ह ऑप्टिमायझर प्रत्येक कोअरचा व्होल्टेज-क्लॉकचा आलेख वरखाली सरकवतो. एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सगळ्या कोअर्सना निगेटिव्ह १० (म्हणजे व्होल्टेज कमी) देऊन सुरुवात करा, मग १५, मग २०. प्रत्येक टप्प्यावर सिनेबेंच चालवा. पीपीटी तीच असूनही स्कोअर वाढत जाताना दिसेल, आणि हे बघताना मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

पण इथे एक मोठा सापळा आहे. सिनेबेंच व्यवस्थित पार पडलं म्हणजे सेटिंग स्थिर आहे, असं मुळीच नाही. सगळे कोअर एकदम राबत असतात तेव्हा वीजमर्यादेमुळे क्लॉक खाली असतो. ७७००एक्स ५.४ गिगाहर्ट्झच्या आसपास जातो तो एखाद-दुसरा कोअर काम करत असताना. कमी केलेलं व्होल्टेज अपुरं पडतं ते नेमकं तिथे, म्हणून मशीन रेंडरिंगमध्ये न पडता ब्राउझर उघडताना किंवा नुसतं बसलेलं असताना रीस्टार्ट होतं. त्यामुळे चाचणी एकेका कोअरची करायला हवी. कोअरसायकलर हे मोफत साधन तेच करतं: प्राइम९५चा लोड एका वेळी एका कोअरवर देतं आणि चूक आली की कोअरचा क्रमांक सांगतं. त्यात एसएसई मोड निवडा. एव्हीएक्स या जास्त जड मोडपेक्षा त्यात उष्णता कमी होते आणि क्लॉक अगदी वरपर्यंत जातो. रात्रभर चालू द्या.

सकाळी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअरही उघडा. सिस्टिमच्या नोंदींत डब्ल्यूएचईए-लॉगर नावाची चूक असेल, तर तिच्यात एपिक आयडी लिहिलेला असतो. ७७००एक्सवर त्याला दोननं भागलं की कोअर कळतो, कारण प्रत्येक कोअरला दोन थ्रेड असतात आणि मोजणी शून्यापासून होते. आयडी १० किंवा ११ असेल तर कोअर ५. फक्त त्या कोअरचा अंक तीन-चारनं मागे घ्या, बाकीचे राहू द्या. एचडब्ल्यूइन्फो ज्या कोअर्सना सर्वोत्तम म्हणून दाखवतं, त्यांनाच बहुधा सगळ्यात कमी निगेटिव्ह झेपतं. ते आधीच कमी व्होल्टेजवर जास्त पळत असतात, त्यामुळे काढून घ्यायला फार काही उरलेलं नसतं.

आणखी एक जागा नीट बघा. एचडब्ल्यूइन्फोमध्ये कोअर क्लॉक आणि इफेक्टिव्ह क्लॉक अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पूर्ण लोडवर त्या जवळजवळ सारख्या हव्यात. पहिली ५२०० दाखवतेय आणि दुसरी ५०५०च्या आसपास घुटमळतेय, असं असेल तर प्रोसेसर व्होल्टेज कमी पडतंय म्हणून क्लॉक ताणून वेळ मारून नेतोय. मशीन बंद पडत नाही, क्लॉकचा आकडा छान दिसतो, पण काम कमी होतं. अशा वेळी स्कोअरही घसरलेला सापडेल. अंक कमी करा.

मॅक्स बूस्ट ओव्हरराइड (कमाल क्लॉकची मर्यादा वाढवणारं सेटिंग) मी सगळ्यात शेवटी हात लावायची गोष्ट मानते. ७००० मालिकेत तो २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवता येतो. रेंडरिंगला त्याचा जवळजवळ उपयोग नाही. माझ्या कामात मात्र आहे: एकाच ट्रॅकवर ओळीनं लावलेले प्लगिन बहुधा एकाच कोअरवर चालतात, तिथे त्या एका कोअरचा वेग थेट जाणवतो. मी ७५ वर ठेवलाय. वाढवल्यावर कोअरसायकलर पुन्हा पहिल्यापासून.

इंटेल आणि एक्स३डी

इंटेलमध्ये मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) वाढवायचा तर के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट लागतो. पण लहान केसमध्ये खरं काम पीएल१ (सलग वीजमर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळाची वीजमर्यादा) करतात. कोअर आय५ १३६००केची पीएल२ १८१ वॅट असते, आणि ४७ मिलिमीटरच्या कूलरला ती झेपणार नाही. दोन्ही मर्यादा सारख्या करून वरच्याच पद्धतीनं केसचे वॅट शोधा, मग व्होल्टेजच्या ॲडॅप्टिव्ह मोडमध्ये थोडा निगेटिव्ह ऑफसेट (कपात) द्या. १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर नवा बायोस घालणं टाळूच नका. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे ते खराब होत होते, आणि त्यावरची मायक्रोकोड दुरुस्ती २०२४ मध्ये आली.

७८००एक्स३डीचा मल्टिप्लायर बंद आहे, तापमानाची मर्यादा ८९ अंशांची आहे, पण कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह चालतो. गेमिंगसाठी लहान केस बांधणाऱ्याला मी आधी हाच प्रोसेसर सुचवेन.

पंख्याचा आलेख

रायझनचं तापमान एखादा प्रोग्रॅम उघडला तरी क्षणभर पंधरा-वीस अंशांनी उडी मारतं. पंखा प्रत्येक उडीला दाद देत बसला तर दिवसभर हुंकारत राहतो. ७० अंशांपर्यंत आलेख सपाट ठेवा, त्यानंतर सावकाश चढवा, आणि बायोसमध्ये पंख्याचा स्टेप-अप टाइम असेल तर तो वाढवा. काही सेकंदांच्या उडीनं प्रोसेसरचं काहीही बिघडत नाही.

सगळं जमलं की बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. बायोस अपडेट केलं की सेटिंग्ज पुसली जातात, आणि जुन्या आवृत्तीचं प्रोफाइल नव्या आवृत्तीत बहुधा चालत नाही. फोटो बघून आकडे हातानं भरा आणि विंडोज सुरू झाल्यावर पहिल्या लोडला एचडब्ल्यूइन्फोमधली पीपीटीची मर्यादा तपासा. तिथे १४२ दिसली तर सेटिंग लागलेलं नाही.