भाकरी खाऊन गोळी घेतली तर चालंल का?

पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी गाइडनी मला दर बुधवारी लॅबमधून उठवून कॅन्सरच्या ओपीडीत बसायला पाठवलं. मी मनातून चिडले होते. माझ्या एलएनकॅप पेशी (लॅबमध्ये वाढवलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी) तेव्हा कुठे फ्लास्कला नीट चिकटायला लागल्या होत्या, आणि त्या सोडून मी बाकावर बसून काय करणार?

तिसऱ्या बुधवारी एक शेतकरी आजोबा भेटले. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला, अबिराटेरॉन नावाचं औषध चालू. रोज रिकाम्या पोटी चार गोळ्या. त्यांनी विचारलं, "ताई, उपाशीपोटी मळमळतंय. भाकरी खाऊन घेतली तर चालंल का?"

मला उत्तर येत नव्हतं. संध्याकाळी वाचायला बसले. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हॉर्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं; त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. अबिराटेरॉन शरीरात ते हॉर्मोन तयारच होऊ देत नाही, अगदी गाठीच्या आतसुद्धा. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये शोधलेल्या या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. पण जेवणाबरोबर ते रक्तात कितीतरी पट जास्त शोषलं जातं, म्हणून उपाशीपोटीची अट. मग कमी गोळ्या नाश्त्याबरोबर दिल्या तर? शिकागोच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ७२ रुग्णांवर हे करून पाहिलं होतं. १,००० मिलिग्रॅम उपाशीपोटी, किंवा २५० मिलिग्रॅम हलक्या, कमी तेलातुपाच्या नाश्त्याबरोबर. १२ आठवड्यांनी पीएसए (या कॅन्सरचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) उतरण्यात कमी डोसचा गट मागे पडला नाही. २०१८ मध्ये हे छापून आलं. चाचणी लहान होती, आयुष्य किती वाढलं हे त्यात मोजलेलं नव्हतं, आणि डोस बदलणं हे डॉक्टरांचंच काम. तरी औषधाचा खर्च पाव होऊ शकतो, ही आपल्याकडच्या घरांसाठी केवढी मोठी गोष्ट आहे! ट्रान्सलेशनल रिसर्च म्हणजे लॅबमधलं रुग्णाच्या खाटेपर्यंत नेणं, एवढंच मला शिकवलं होतं. खाटेवरचा प्रश्न लॅबपर्यंत आणायचा असतो, हे त्या आजोबांमुळे कळलं.

हाच धडा पेशींनी दुसऱ्या बाजूने दिला. एलएनकॅप १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एका पन्नाशीच्या रुग्णाच्या लिंफ नोडमधून काढलेल्या. हॉर्मोनला त्या प्रतिसाद देतात. मी हॉर्मोन बंद केल्यावर त्या कशा वागतात ते बघत होते आणि दोन महिने साधंच सीरम (पेशी वाढाव्यात म्हणून घालतात तो रक्तातला द्रव) घालत होते. त्या सीरममध्येच हॉर्मोन असतात! रुग्णाचं औषध चालू ठेवून त्याला पाठीमागून हॉर्मोन पाजण्यासारखंच ते. चारकोलने हॉर्मोन काढून घेतलेलं सीरम घातल्यावर आलेख लगेच नीट यायला लागले. असंच पीसी-३ या प्रोस्टेट कॅन्सरच्याच दुसऱ्या पेशींचं: त्यांच्यात हॉर्मोन पकडणारा रिसेप्टर जवळजवळ नसतोच, म्हणून अशा औषधाचा परिणाम त्यांच्यावर शोधत बसू नका. पेशी हातात घेण्याआधी ती कुणाच्या शरीरातून, कुठल्या अवयवातून, कुठल्या उपचारानंतर आली ते वाचा.

कॅन्सर संशोधनाच्या या क्षेत्रात यायला एम.एस्सी. (बायोटेक, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी), फार्मसी, एमबीबीएस, सगळे रस्ते चालतात. फेलोशिपसाठी सीएसआयआर-यूजीसी नेटसारखी परीक्षा द्या. पुण्याचं एनसीसीएस (पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था) आणि खारघरचं अॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) या दोन जागा आपल्या दाराशी आहेत. एनसीसीएसची पेशींची बँक देशभरातल्या लॅबना पेशी पुरवते. रेडिओअॅक्टिव्ह औषधांची ओढ असेल तर ल्युटेशियम-१७७ या किरणोत्सारी धातूपासून केलेल्या औषधाकडे बघा. प्रोस्टेटच्या पेशीवरच्या पीएसएमए प्रथिनाला चिकटून आतून मारा करणारं हे औषध अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. ते ल्युटेशियम आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतही तयार होतं, त्यामुळे भौतिकशास्त्र-रसायनशास्त्रवाल्यांनाही इथे जागा आहे.

मुलाखतीला जाल तेव्हा एक नक्की विचारा: रुग्णांचे नमुने लॅबला खरंच मिळतात का, आणि एथिक्स कमिटीची परवानगी झाली आहे का? माझी परवानगी यायला सात महिने लागले. तेवढ्यात रुग्णांसाठीचं संमतीपत्र मराठीत नीट लिहून घ्या, आणि पहिल्यांदा ते घरातल्या एखाद्या आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे अडतील, ते वाक्य बदला.