एका हंगामाची वही : व्यावसायिक लीग समजून घेण्याची पद्धत

शाळकरी मुलांना क्रिकेटच्या किंवा कबड्डीच्या लीगबद्दल विचारले, तर खेळाडूंची नावे, जर्सीचे रंग आणि गाजलेल्या षटकारांचे व्हिडिओ त्यांना तोंडपाठ असतात. पण आपला संघ सध्या कितव्या स्थानावर आहे आणि उरलेल्या तीन सामन्यांत त्याला नेमके काय करावे लागेल, असे विचारले की मुले मोठ्यांकडे पाहतात आणि मोठे मोबाइलकडे. लीगची खरी गंमत या दुसऱ्या प्रश्नात दडलेली आहे. ती कळण्यासाठी एक शंभर पानी वही, पेन्सिल, पट्टी आणि दोन-तीन महिन्यांची चिकाटी एवढेच लागते. पुढे दिलेली पद्धत दहा-बारा वर्षांच्या वाचकाला जमेल अशी आहे. आजवर फक्त अंतिम सामनेच पाहिलेल्या मोठ्यांनाही ती चालेल.

पायरी १ : साखळी आणि बाद यांतला फरक ओळखा

गावच्या जत्रेत भरणाऱ्या कबड्डी स्पर्धेत संघ एकदा हरला की सामान आवरून घरची वाट धरतो. ही बाद पद्धत. साखळी पद्धतीत मात्र प्रत्येक संघ ठरलेले सगळे सामने खेळतो, प्रत्येक निकालाचे गुण त्याच्या खात्यात जमा होत जातात आणि हंगामाच्या शेवटी ज्याचे खाते भरलेले तो वर राहतो. लीग म्हणजे मुळात ही साखळी.

तिचा जन्म अगदी व्यवहारी अडचणीतून झाला. इंग्लंडमध्ये १८८५ साली फुटबॉलपटूंना खेळण्याचा मोबदला देण्यास अधिकृत मान्यता मिळाली. पगार तर नियमित द्यायचा, पण क्लबांमधले मैत्रीपूर्ण सामने ऐन वेळी रद्द होत आणि त्यांच्याबरोबर तिकिटांचे पैसेही बुडत. अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर यांनी मार्च १८८८ मध्ये इतर क्लबांना पत्र लिहून सुचवले की, ठरावीक क्लबांनी एकमेकांच्या मैदानावर येऊन-जाऊन ठरलेले सामने खेळावेत. त्याच वर्षी १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली आणि प्रेस्टन नॉर्थ एंड या संघाने २२ सामन्यांत एकदाही न हरता पहिले विजेतेपद मिळवले. खेळाडूचा पगार आणि वेळापत्रक यांची ती गाठ आजही सुटलेली नाही. लीगचे वेळापत्रक जाहीर झाले की ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावे, असे मी सांगतो त्याचे कारण हेच.

पायरी २ : एकच लीग निवडा आणि एकाच संघाला धरून राहा

जगातल्या मोठ्या लीगची यादी लांब आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये ३० संघ असून प्रत्येक संघ एका हंगामात तब्बल १६२ सामने खेळतो. बास्केटबॉलच्या एनबीएमध्येही ३० संघ आहेत आणि प्रत्येकाचे ८२ सामने होतात. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत, पण प्रत्येकाच्या वाट्याला येतात अवघे १७ सामने, त्यामुळे तिथे एक पराभवही महागात पडतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले २० संघ ३८-३८ सामने खेळतात. आपल्याकडे आयपीएल २००८ पासून, प्रो कबड्डी आणि फुटबॉलची इंडियन सुपर लीग २०१४ पासून आणि महिला क्रिकेटची डब्ल्यूपीएल २०२३ पासून सुरू आहे. खो-खोचीही लीग झाली असून तिचा पहिला हंगाम २०२२ साली पुण्यात रंगला.

हे सगळे एकदम पाहू नये. जो खेळ आपण स्वतः अंगणात किंवा शाळेच्या मैदानात खेळलो आहोत, त्याची लीग आधी घ्यावी. माझे मत विचाराल, तर मराठी मुलाने प्रो कबड्डीपासून सुरुवात करावी. सामना २०-२० मिनिटांच्या दोन डावांत संपतो, गुण भराभर पडतात आणि पुणेरी पलटण व यू मुम्बा असे दोन घरचे संघ आहेत. गोव्यातल्या मुलांना एफसी गोवा हा फुटबॉल संघ जवळचा वाटेल. डब्ल्यूपीएल निवडायची तर सांगलीची स्मृती मानधना आहेच. पहिल्या लिलावात बंगळुरूच्या संघाने तिच्यासाठी सर्वाधिक, ३ कोटी ४० लाख रुपये मोजले आणि तिच्या नेतृत्वाखाली २०२४ चे विजेतेपद पटकावले.

संघ निवडल्यावर मात्र तो हंगामभर बदलायचा नाही. जिंकणाऱ्याच्या मागे धावणाऱ्याला गुणतक्ता कधीच कळत नाही, कारण हरणाऱ्या संघाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आणि म्हणूनच अधिक शिकवणारा असतो.

पायरी ३ : पहिले तीन सामने फक्त गुण कसे मिळतात ते पाहा

कबड्डी घेतली असेल तर वहीत चार रकाने आखा : चढाईचे गुण, पकडीचे गुण, लोण आणि बोनस. चढाईपटूने बाद केलेल्या प्रत्येक बचावपटूमागे एक गुण मिळतो. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असताना बोनस रेषा योग्य रीतीने ओलांडली, तर बोनसचा एक गुण मिळतो. सगळा संघ बाद झाला की त्याच्यावर लोण चढतो आणि प्रतिस्पर्ध्याला दोन जादा गुण मिळतात. इतके बहुतेक मुलांना मैदानावरून ठाऊक असते. लीगने त्यात काही गोष्टी घातल्या आहेत. चढाई ३० सेकंदांत संपवावी लागते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड यशस्वी केली, तर ती अव्वल पकड ठरते आणि एकाऐवजी दोन गुण मिळतात. एका चढाईत तीन किंवा अधिक गुण आले, तर ती अव्वल चढाई.

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झालेल्या दहाव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. या सामन्यात पलटणच्या पंकज मोहितेने एक अव्वल चढाई केली होती. विजयाचा फरक तीन गुणांचा आणि अव्वल चढाईत किमान तीन गुण. वहीत हे दोन आकडे शेजारी शेजारी आले की एका चढाईचे वजन समजावून सांगावे लागत नाही.

पायरी ४ : गुणतक्ता स्वतः तयार करा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. तक्ता मोबाइलवर आयता मिळतो हे खरे, पण आयता तक्ता पाहणे आणि स्वतः मांडणे यांत पाढे ऐकणे आणि म्हणणे यांच्याइतका फरक आहे. संघ, सामने, विजय, पराभव, बरोबरी किंवा अनिर्णित, गुण आणि समान गुण झाल्यास लागणारा निकष असे सात रकाने पुरतात.

गुण देण्याची रीत प्रत्येक लीगची वेगळी असते, म्हणून ती तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवावी. आयपीएलमध्ये विजयाला दोन गुण आणि पावसाने वाहून गेलेल्या सामन्याला प्रत्येकी एक गुण मिळतो. फुटबॉलमध्ये विजयाला तीन आणि बरोबरीला एक. बरोबरीवर समाधान मानणाऱ्या संघांना जिंकण्यासाठी खेळायला लावावे, म्हणून इंग्लंडने १९८१ मध्ये विजयाचे गुण दोनावरून तीन केले. एनबीएमध्ये सामना बरोबरीत सुटतच नाही, पाच-पाच मिनिटांची जादा वेळ देऊन निकाल लावला जातो, आणि तक्त्यात गुणांऐवजी विजयांची टक्केवारी असते.

गुण समान झाले की खरी परीक्षा सुरू होते. क्रिकेटमध्ये तेव्हा निव्वळ धावगती, म्हणजेच नेट रनरेट, पाहतात. आपण प्रत्येक षटकामागे सरासरी किती धावा काढल्या, त्यातून आपण किती दिल्या ते वजा करायचे. समजा, आपल्या संघाने २० षटकांत १८० धावा केल्या आणि समोरचा संघ १५० धावांत १८.२ षटकांतच गारद झाला. आपली गती ९. समोरच्याची मोजताना मात्र तो सर्वबाद झाल्यामुळे पूर्ण २० षटके धरायची, म्हणजे ७.५. फरक अधिक १.५.

पुढच्या सामन्यात समोरच्याने २० षटकांत १५० केल्या आणि आपण १५.३ षटकांत १५१ करून जिंकलो. इथे माझ्या भाचीने पहिल्यांदा १५१ ला १५.३ ने भागले होते, आणि तिचे उत्तर दोन दिवस जुळेना. १५.३ षटके म्हणजे १५ षटके आणि तीन चेंडू. षटक सहा चेंडूंचे, म्हणून ती साडेपंधरा होतात. आता दोन्ही सामने एकत्र करा : ३३१ धावा भागिले ३५.५ षटके म्हणजे ९.३२४; दिलेल्या ३०० धावा भागिले ४० षटके म्हणजे ७.५, निव्वळ धावगती अधिक १.८२४. दोन सामन्यांच्या धावगती वेगवेगळ्या काढून त्यांची सरासरी घेतली असती, तर १.८७१ आली असती आणि ती चुकीची ठरली असती. नेहमी हंगामाची एकूण बेरीज घ्यावी.

हा हिशेब निव्वळ कागदी नाही. १८ मे २०२४ रोजी आयपीएलच्या साखळी सामन्यात बंगळुरूच्या संघाविरुद्ध बंगळुरूतच चेन्नई सुपर किंग्जपुढे २१९ धावांचे लक्ष्य होते. पण पुढच्या फेरीत जाणाऱ्या पहिल्या चारांत राहण्यासाठी त्यांना हरूनही २०१ धावा पुरणार होत्या. शेवटच्या षटकात जिंकायला ३५ हव्या होत्या, पुढे जायला फक्त १७. चेन्नईच्या महेंद्रसिंग धोनीने बंगळुरूचा गोलंदाज यश दयालच्या पहिल्याच चेंडूवर षटकार मारला, दुसऱ्या चेंडूवर तो झेलबाद झाला, आणि उरलेल्या चार चेंडूंत एकच धाव निघाली. दोन्ही संघांचे गुण १४ झाले. बंगळुरूची धावगती ०.४५९, चेन्नईची ०.३९२. पहिल्या आठांपैकी सात सामने हरलेला बंगळुरूचा संघ असा पुढे गेला. ज्याला तक्ता ठाऊक नव्हता, त्याला २७ धावांनी हरणाऱ्या संघाच्या डगआउटमध्ये शेवटच्या षटकापर्यंत एवढी घालमेल कशाची, हे कळलेच नसेल.

पायरी ५ : साखळीनंतर काय होते ते तपासा

प्रीमियर लीगमध्ये साखळीत पहिला आलेला संघच विजेता. वेगळा अंतिम सामना नाही. २०११-१२ मध्ये मँचेस्टरच्या दोन्ही संघांचे ८९ गुण झाले आणि गोलफरकावर, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून, मँचेस्टर सिटी विजेता ठरला. आयपीएलमध्ये पहिले चार संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या निर्णायक सामन्यांत, जातात, आणि त्यांतही पहिल्या दोघांना झुकते माप असते : त्यांच्यातला पराभूत संघ बाहेर पडत नाही, त्याला आणखी एक सामना मिळतो. तिसऱ्या-चौथ्या संघाला अशी सवलत नसते. म्हणून चार संघ निश्चित झाल्यावरही साखळीचे शेवटचे सामने जीव तोडून खेळले जातात. इंडियन सुपर लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामापर्यंत साखळीत अव्वल आल्याबद्दल वेगळी ढाल आणि प्लेऑफ जिंकल्याबद्दल वेगळा करंडक दिला जात असे. मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये दोन्ही मिळवले.

पायरी ६ : संघ कसा जमतो, हे एका पानावर लिहा

आयपीएल आणि प्रो कबड्डीत लिलाव होतो. प्रत्येक संघाला खर्चाची ठरावीक मर्यादा असते, त्यामुळे एका खेळाडूवर थैली रिकामी केली की बाकीचा संघ स्वस्तात बसवावा लागतो. आयपीएलच्या अंतिम अकरांत परदेशी खेळाडू चारच चालतात. तेव्हा पाचवा कितीही मोठा असला, तरी त्याला बाकावर बसावे लागते. अमेरिकेत ड्राफ्टची पद्धत आहे. नवे खेळाडू निवडताना आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघांना पहिली संधी मिळते, जेणेकरून तेच ते संघ वर्षानुवर्षे वर राहू नयेत. एनबीएमध्ये त्यासाठी सोडतही काढतात; २०२३ मध्ये ती सॅन अँटोनिओच्या संघाच्या बाजूने लागली आणि त्यांनी फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बन्यामा घेतला.

या लीगमधले संघ शेवटचे आले तरी पुढच्या वर्षी तिथेच असतात. इंग्लंडमध्ये तसे नाही. तिथे तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात आणि खालचे तीन वर येतात. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये सर्वांना चकित करून प्रीमियर लीग जिंकली आणि २०२३ मध्ये तोच क्लब खाली गेला. अशा लीगमध्ये तक्ता तळाकडूनही वाचावा लागतो. सतराव्या आणि अठराव्या स्थानांमधली रेघ पहिल्या-दुसऱ्या स्थानांइतकीच चुरशीची असते.

पायरी ७ : हंगाम संपल्यावर वही मिटू नका

शेवटच्या पानावर आपल्या संघातल्या खेळाडूंची नावे लिहून, संघ कोणाला राखील आणि कोणाला सोडील, याचा आपला अंदाज प्रत्येकासमोर नोंदवा. हा अंदाज पेन्सिलीने लिहायला हरकत नाही, पण खोडरबर घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावे. लिलावापूर्वी संघ राखलेल्या खेळाडूंची यादी जाहीर करतात, तेव्हा हे पान उघडून शेजारी लाल शाईने खरे उत्तर लिहावे आणि त्याखाली पुढच्या हंगामाचे वेळापत्रक उतरवायला दोन पाने कोरी सोडावीत.