उंदराच्या गर्भातील लिंगनिश्चितीचा अभ्यास : या चुका टाळा

उंदराच्या गर्भातील जननग्रंथीचे वृषण होणार की अंडाशय, हे अवघ्या काही तासांत ठरते आणि प्रयोग फसतात तेही बहुधा याच तासांच्या हिशेबात. वाय गुणसूत्रावरील, वृषण घडवण्याची सुरुवात करणारे एसआरवाय हे जनुक साधारण साडेदहाव्या दिवशी व्यक्त होऊ लागते, साडेअकराव्या दिवसाच्या सुमारास त्याची पातळी सर्वाधिक असते आणि साडेबाराव्या दिवसानंतर ते लवकरच शांत होते. प्लग (समागमानंतर मादीच्या योनीत दिसणारी घट्ट गुठळी) दिसलेल्या दिवसाची दुपार म्हणजे अर्धा दिवस, असे धरून वय काटेकोर मोजले, तरी एकाच मादीच्या पोटातील गर्भ वाढीत काही तासांनी मागेपुढे असतात. म्हणून नोंदवहीत केवळ ‘साडेअकरा दिवस’ लिहून थांबू नये. मागच्या पायाच्या अंकुरामागे शेपटीत असलेले सोमाइट (पाठीच्या कण्यालगत ओळीने दिसणारे ऊतीचे खंड) मोजावेत. ते सुमारे ८ असतील तर गर्भ साडेदहा दिवसांचा आणि सुमारे १८ असतील तर साडेअकरा दिवसांचा समजावा. ही मोजणी डीएनएसाठी शेपटी कापण्यापूर्वीच व्हायला हवी, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आरटी-पीसीआरमध्ये, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत करून ती वाढवण्याच्या चाचणीत, वेगळाच सापळा असतो. एसआरवायचा परिचित संदेश (जनुकाची आरएनए प्रत) एकाच एक्सॉनचा, म्हणजे सलग, असल्यामुळे प्रायमर (प्रत सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) इंट्रॉनच्या, म्हणजे संदेशातून वगळल्या जाणाऱ्या भागाच्या, दोन्ही बाजूंना ठेवण्याची नेहमीची युक्ती तिथे चालत नाही आणि आरएनएत राहिलेला जीनोमिक डीएनए जेलवर हुबेहूब तेवढाच पट्टा देतो. त्यामुळे डीएनए तोडणाऱ्या डीएनएज विकराची प्रक्रिया करावी आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएची डीएनए प्रत करणारे विकर) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासोबत चालवावी. प्रौढ वृषणाचा आरएनए ‘हमखास नमुना’ म्हणून वापरणेही योग्य नाही, कारण तिथला एसआरवायचा संदेश प्रामुख्याने वर्तुळाकार असतो.

एसआरवायचा पट्टा दिसला म्हणजे वाय गुणसूत्र आहे, असेही मानू नये. १९९१ मध्ये हे जनुक असलेला सुमारे १४ किलोबेसचा डीएनए तुकडा घालून एक्सएक्स (दोन एक्स गुणसूत्रांच्या, एरवी मादी होणाऱ्या) गर्भापासून नर उंदीर घडवण्यात आला होता. अशा वंशात हा पट्टा वायबद्दल काहीच सांगत नाही. केडीएम५सी (एक्सवरील) आणि केडीएम५डी (वायवरील) या जनुकांच्या जोडीवर बेतलेली चाचणी अधिक भरवशाची, कारण एकाच प्रायमर-जोडीने एक्सचा ३३१ आणि वायचा ३०२ बेसजोड्यांचा पट्टा मिळतो. मात्र एवढा लहान फरक कमी अगारोजच्या (जेल घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या) जेलवर वेगळा दिसत नाही, तेव्हा अगारोजचे प्रमाण वाढवावे. गर्भाच्या ऊतीला आईची ऊती चिकटलेली असेल, तर एक्सचा पट्टा गडद होऊन वायचा फिका पडतो.

निष्कर्ष काढताना होणारी चूक अधिक सूक्ष्म आहे. एसआरवायला उशीर झाला, तर त्याच्यामुळे चालू होणारे सॉक्स-९ हे जनुक वेळेवर वाढत नाही आणि मध्यभागी वृषण, टोकांना अंडाशयाची ऊती अशी मिश्र ग्रंथी तयार होऊ शकते; एकाच छेदावरून ती ‘सामान्य वृषण’ ठरते. संपूर्ण ग्रंथी साडेबारा ते साडेतेरा दिवसांत तपासावी, कारण पुढे तिचा मिश्रपणा ओसरू शकतो. प्रयोगशाळेतील उंदरांचा सी५७बीएल/६ हा वंश अशा विलंबाला विशेष संवेदनशील असतो, म्हणून मिश्र पार्श्वभूमीचे उत्परिवर्ती गर्भ आणि शुद्ध वंशाचे नियंत्रण गर्भ यांची तुलना न करता त्याच मादीच्या पोटातील भावंडेच नियंत्रण म्हणून घ्यावीत.