चढाच्या रस्त्यासाठी फोल्डिंग सायकल घेताना या चुका टाळा

पुण्यात बावधनला राहणाऱ्या आणि वनाझहून मेट्रोने कामावर जाणाऱ्या माणसाला फोल्डिंग सायकल फार सोयीची वाटते. सकाळी चांदणी चौक ओलांडला की कोथरूड डेपोपर्यंत उतारच असतो. संध्याकाळी मात्र दिवसभराच्या थकव्यानंतर, पाठीवर लॅपटॉप घेऊन, तोच पौड रस्ता चढायचा असतो. सायकल खरेदी करताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ हेच, की दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारून निर्णय घेतला जातो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गिअरची नुसती संख्या पाहणे. ‘सात गिअर आहेत’ या वाक्याने चढाबद्दल काहीच कळत नाही. त्यांतला सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे पाहावे लागते. त्यासाठी पुढच्या चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजावेत, पहिल्या संख्येला दुसरीने भागावे आणि उत्तराला चाकाच्या इंचांतील व्यासाने गुणावे. २० इंची चाक, पुढे ५२ आणि मागे २८ दाते असतील, तर उत्तर सुमारे ३७ येते. या गिअरमध्ये मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवले, तर वेग ताशी साडेदहा किलोमीटर होतो. आणि स्वार, सायकल व सामान मिळून ९० किलो वजन धरले, तर शंभर मीटरला आठ मीटर उंची गाठणाऱ्या चढावर त्यासाठी सव्वादोनशे वॅटहून अधिक ताकद लागते. सराव नसलेल्या माणसाला ती पाच-दहा मिनिटे टिकवणे अवघड आहे. पेडल सावकाश फिरवले तर ताकद कमी लागते खरी, पण प्रत्येक फेरीचा भार गुडघ्यांवर येतो. तेच पुढे ४४ आणि मागे ३४ दाते असतील, तर उत्तर २६ च्या आसपास येते आणि पेडलचा तोच वेग ठेवून सुमारे १६५ वॅटमध्ये चढ निघतो. माझ्या मते रोजच्या चढासाठी हा आकडा ३० च्या वर नसावा.

लहान चाकामुळे चढ जड जातो, हा समजही चुकीचा आहे. लहान चाक एका फेरीत कमी अंतर कापत असल्याने मुळात हलकेच असते. सपाट रस्त्यावर वेग मिळावा म्हणून कंपन्या पुढे मोठी चेनरिंग बसवतात आणि अडचण तिथे सुरू होते. (लहान चाकाचा खरा शत्रू खड्डा आहे, आणि तो आपल्याकडे शोधावा लागत नाही.)

सायकल आधीच घेतली असेल, तर प्रथम चेनरिंग लहान करून घ्यावी आणि त्याबरोबर चेनच्या जादा कड्या काढाव्यात. स्वस्त सायकलींत चेनरिंग क्रँकला (पेडलच्या दांड्याला) रिव्हेट केलेली असते. तेव्हा पूर्ण क्रँकसेट बदलावा लागतो. मागे मोठे फ्रीव्हील (दातेरी चक्रांचा संच) बसवायचे झाल्यास सध्याचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ते पेलेल का, हे मेकॅनिकला विचारावे, कारण त्यासाठी लागणारा लांब पिंजऱ्याचा डिरेलर २० इंची सायकलवर जमिनीच्या फार जवळ लोंबतो.

वजनाचा मोह आवरावा. ११ आणि १३ किलोंच्या सायकलींतला फरक चढावर एकूण वजनाच्या सुमारे दोन टक्केच असतो. तो जाणवतो स्थानकाच्या जिन्यावर.

चढावर उभे राहून पेडल मारण्याची सवय फोल्डिंग सायकलवर सोडावी. हँडलचा उंच खांब ओढल्यावर लवतो, बिजागरीवर ताण येतो आणि काही दिवसांनी करकर सुरू होते. तेव्हा बिजागरी स्वच्छ करून तिची खिट्टी जोर लावल्यावरच बसेल इतकी घट्ट करून घ्यावी. तरीही सांधा हलत असेल किंवा चीर दिसत असेल, तर सायकल चालवू नये.

उताराचा विचार फारसा कोणी करत नाही. लहान रिममध्ये धातू कमी असल्याने ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ती लवकर तापते आणि ट्यूब फुटण्याचा धोका असतो. म्हणून वेग वाढण्याआधीच ब्रेक लावून सोडावा, पुन्हा लावावा. पावसाळ्यात रिम ब्रेकच्या पहिल्या काही फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात. डिस्क ब्रेक तिथे सरस ठरतो, मात्र घडी केल्यावर डिस्कवर काही दाबले जात नाही ना, हे दुकानातच पाहावे.

इतके करूनही चढ झेपणारा नसेल, तर पेडल-असिस्ट, म्हणजे पेडल मारताना मोटरची मदत देणाऱ्या सायकलचा पर्याय आहे. मोटर २५० वॅटपेक्षा आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर नोंदणीची गरज पडत नाही. फक्त बॅटरीसह ती घडी केलेली सायकल पैसे देण्यापूर्वी एकदा उचलून एक मजला चढून पाहावा.